भांड्याची रजई

आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं आहेत. एक माझं. दुसऱ्या दारामागे दोन भाऊ, त्यांच्या बायका आणि एकच स्वयंपाकघर असं कुटुंब राहतं. मला सांगायचं आहे ते त्या घरच्या धाकट्या सुनेबद्दल. ती इस्पितळाच्या लॅबमध्ये काम करते. घरात सगळे तिला धाकटी म्हणतात, म्हणून मीही धाकटीच म्हणते. आता तिच्याही केसांत पांढऱ्या बटा दिसायला लागल्या आहेत, ती गोष्ट वेगळी.

धाकटी घरी आली की चपला जिन्यातच काढते, दार कोपराने ढकलते आणि कुणाशी एक शब्द न बोलता सरळ मोरीकडे जाते. हात कोपरापर्यंत चोळून धुऊन झाले, की मगच तिचं "काय, आज काय विशेष?" सुरू होतं. तिचा नवरा बस चालवतो. मोठा मिश्कील माणूस. तो म्हणतो, "लग्नाच्या दिवशी ही बोलेचना. मला वाटलं, लाजते आहे. नंतर कळलं, हात धुवायचे राहिले होते."

तिचं काम जंतू वाढवण्याचं. आजारी माणसाच्या नमुन्यात कोण लपलं आहे ते शोधायचं, तर त्याला आधी खाऊ घालून मोठं करावं लागतं. त्यासाठी ती काचेच्या बश्यांत आणि नळ्यांत त्यांचं अन्न रांधते. कुणाला साखर लागते, कुणाला मीठ, कुणाला रक्त. एखाद्याला हवाच सोसत नाही, मग त्याच्यासाठी हवा काढून टाकलेली बंद डबी. या साऱ्या खोडी तिला नातेवाइकांच्या खोडींसारख्या पाठ आहेत.

तिची जाऊ, म्हणजे घरातली थोरली, काचेच्या कारखान्याचं कॅन्टीन चालवते. कामगार तिला मावशी म्हणतात. दणदणीत आवाज, दणदणीत बाई. ती माझ्यासमोर कितीदा तरी म्हणाली असेल, "बाई, आमच्या घरात दोघी स्वयंपाकिणी. मी माणसांना वाढते, ही जंतूंना. आणि खरं सांगू? हिचे पाहुणे कधी नावं ठेवत नाहीत."

"तुमचेही ठेवत नाहीत, जाऊबाई," धाकटी म्हणते. "माझे तर बोलतच नाहीत."

दोघींमध्ये एक जुना धागा आहे. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिचं लॅबचं शिक्षण अर्धं राहिलं होतं. घरात सासूचं आजारपण, माणसांचा राबता. थोरलीने एक दिवस तिच्या हातातली घासणी काढून घेतली आणि म्हणाली, "भांडी मी घासते, तू पुस्तकं घास." परीक्षा होईपर्यंत तिने धाकटीला चुलीजवळ फिरकू दिलं नाही. हे मला धाकटीनेच सांगितलं. थोरलीला विचाराल तर ती म्हणेल, "हिच्या हातची पोळी कुणाला गिळवत नव्हती, म्हणून पाठवलं."

मी शाळेत शिकवत असताना धाकटीला एकदा वर्गावर बोलावलं होतं. विषय होता अन्नातून होणारे आजार. ती एक जाडसर अंग पुसायचा टॉवेल घेऊन आली. टॉवेलची गुंडाळी केली, त्याची लोकरीसारखी बाजू आत ठेवली आणि म्हणाली, "हे तुमचं आतडं. आत हात घाला." मुलांनी रांग लावून हात घातले. "ही जी लव लागते ना हाताला, तशी लव तुमच्या आतड्याला आतून असते. अन्नातलं सत्त्व तीच शोषून घेते. आता जंतू काय करतात बघा. पोटातल्या आम्लात बरेचसे मरतात. जे वाचतात त्यांच्या तीन तऱ्हा. काही या लवेला घट्ट चिकटून बसतात. काही लबाड. ते बाहेरून पेशीला असं काही टोचतात, की पेशीच आपली कड उचलते आणि त्यांना आत ओढून घेते. आणि काही आत शिरण्याची तसदीच घेत नाहीत, नुसतं विष सोडतात."

"मग आपण काय करायचं?" एका मुलीने विचारलं.

"आधी हात धुवा. या टॉवेलमध्ये आख्ख्या वर्गाचे हात जाऊन आलेत."

वर्ग हसला आणि नळावर झुंबड उडाली. इतक्या वर्षांत माझ्या सांगण्याने तशी झुंबड कधी उडाली नव्हती.

आता ज्या प्रसंगासाठी लिहायला बसले तो सांगते. गेल्या वर्षी थंडी नुकती पडायला लागली होती. काचेच्या कारखान्यात त्या दिवशी मांस-बटाट्याचा दाट रस्सा आणि पाव होता. दुसरा दिवस उजाडला तो भट्टीवरच्या कामगारांच्या पोटदुखीने आणि जुलाबांनी. बहुतेकांचं संध्याकाळपर्यंत निवळलं. पण भट्टीवरचे सगळ्यांत जुने कारागीर, ज्यांना सगळे दादा म्हणतात, ते उभ्या उभ्या कोसळले. त्यांना इस्पितळात नेऊन सलाईन लावावं लागलं.

कारखान्याच्या व्यवस्थापकाने कॅन्टीनला कुलूप घातलं. रिपोर्ट येईपर्यंत बंद, आणि दोष स्वयंपाकघराचा निघाला तर कॅन्टीन बाहेरच्या ठेकेदाराकडे जाईल, असं त्याने थोरलीला तोंडावर सांगितलं.

थोरली घरी आली ती धुमसतच. "माझ्या हातचं? मी स्वतः तेच जेवले! पहिल्या खेपेला जेवलेल्या एकाचंही पोट दुखलं नाही. भांडं एकच, डाव एकच. या भट्टीवाल्यांनी बाहेर काहीतरी चरलं असणार, आणि नाव माझं!"

धाकटी ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "नमुने आमच्याच लॅबमध्ये आलेत, जाऊबाई."

"मग झालंच तर! तू बघशील नीट."

धाकटीने नीट बघायला सुरुवात केली ती अशी. लॅबच्या मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन तिने सांगितलं, "मॅडम, हे माझ्या जावेचं कॅन्टीन आहे. हे काम दुसऱ्या कुणाकडे द्या."

मोठ्या डॉक्टर चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिल्या. "दुसरं कोण आहे इथे? तूच लाव. प्रत्येक बशी, प्रत्येक नळी मी माझ्या डोळ्यांनी बघेन. तुझ्या सहीशेजारी माझी सही."

त्या कॅन्टीनमध्ये रोज प्रत्येक पदार्थाची एक वाटी काढून फ्रीजमध्ये ठेवायची पद्धत होती. रश्श्याची वाटी तपासली. तिच्यात बोट ठेवावं असं काही निघालं नाही. आजारी माणसांच्या नमुन्यांत मात्र एक हवा न सोसणारा जंतू भरपूर निघाला. मोठ्या डॉक्टर म्हणाल्या, "हा थोडाफार तर धडधाकट माणसाच्या आतड्यातही असतो. इथे फार आहे, हे खरं. पण वाटी स्वच्छ आहे. उगम सापडला नाही, असं लिहून आपल्याला थांबता येईल."

ही बातमी घरी पोचली तेव्हा थोरलीने जिन्यातूनच मला हाक मारली. "बाई, चहाला या! वाटी पास झाली!"

मी गेले. थोरली कपबश्या वाजवत होती. धाकटी सज्जात वाळत घातलेले कपडे काढत होती. दोरीवर एक जुनी जाड रजई होती. तिच्या मधोमध तेलाचा तांबूस गोल डाग होता, धुऊनही न गेलेला. धाकटीने त्यावरून बोट फिरवलं.

"जाऊबाई, ही रजई कुणाची? आपल्या घरातली तर नाही."

"भांड्याची," थोरली आतून म्हणाली.

"कुणाची?"

"अगं, भांड्याची. रश्श्याच्या." थोरली किटली घेऊन बाहेर आली. "भट्टी काय जेवणासाठी थांबते? बाकीचे पहिल्या खेपेला येतात, भट्टीवाले त्यांच्यामागून, फार उशिरा. थंडीचे दिवस. त्यांना काय गार गोळा वाढू? म्हणून झाकण घट्ट लावते आणि भांडं रजईत गुंडाळून ठेवते. वाढायच्या वेळेपर्यंत छान कोमट राहतं."

"वाढण्याआधी पुन्हा उकळत नाही?"

"उकळलं की बटाट्याचा लगदा होतो."

"पहिल्यापासून असंच करता?"

"नाही गं. आधी भट्टीवाल्यांचं वेगळं लहान भांडं मागाहून चढायचं. यंदा हे अवाढव्य भांडं दिलं त्यांनी, एका वेळी सगळ्यांचं होतं. तेव्हापासून रजई."

"आणि फ्रीजमधली वाटी कधी काढता?"

"रस्सा झाला की लगेच, उकळता असतानाच. का?"

धाकटीने रजईची घडी घातली, स्टुलावर ठेवली आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसली. चहा तसाच राहिला.

थोरली आत गेल्यावर मी हळूच म्हटलं, "रजई काढून टाकायला सांग, म्हणजे झालं. रिपोर्ट तर निर्दोष आलाच आहे. कॅन्टीन वाचेल आणि पुढेही काही होणार नाही."

"मलाही आधी तेच सुचलं, बाई," ती म्हणाली. "पण मी नुसतं नको म्हटलं, तर त्या माझ्या शब्दाखातर चार दिवस ऐकतील. एखाद्या थंडीत कुणी कुडकुडत आला, की रजई कपाटातून परत बाहेर येईल. त्यांना पटलं पाहिजे. आणि दादा इस्पितळात मला रोज विचारतात, ताई, मला झालं तरी काय? मी त्यांना सांगू, की सापडलं नाही? शोधलंच नाही तर सापडेल कसं?"

मग तिने जे मागितलं, त्याने घरात भूकंप झाला. तिने थोरलीला तोच रस्सा पुन्हा करायला सांगितला. त्याच भांड्यात, त्याच रजईत, आणि तो कुणी खायचा नाही.

"म्हणजे फेकायला शिजवू?" थोरलीचा आवाज माझ्या घरात स्पष्ट आला. "एवढी वर्षं हातात झारा धरला, अन्नाचा कण वाया घालवला नाही, आणि आता भांडंभर रस्सा नाल्यात ओतू? तुझी मती फिरली आहे का? वाटी पास झाली ना?"

"वाटी पास झाली. भांडं नाही झालं."

"भांडं आणि वाटी काय वेगळी?"

"तेच बघायचंय. फेकायला नका करू, जाऊबाई. माझ्या पाहुण्यांना वाढायला करा."

एक झाकण आपटल्याचा आवाज आला. मग थोरली म्हणाली, "मीठ-तिखट नेहमीसारखंच घालणार. पाहुणे कसले का असेनात."

मोठ्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून व्यवस्थापकाने कुलूप काढलं. मोठ्या डॉक्टर स्वतः आल्या. मलाही थोरलीनेच नेलं, साक्षीदार म्हणून. रस्सा उकळला, धाकटीने पहिली वाटी काढली. मग झाकणाच्या फटीतून एक लांब दांड्याचा थर्मामीटर पार तळापर्यंत सोडला आणि थोरलीने भांड्याला रजई गुंडाळली. अगदी सवयीने, चारी बाजूंनी खोचून, वर हलकेच थोपटलं. त्या थोपटण्यावरून हे काम ती किती मायेने करत होती ते माझ्या लक्षात आलं. धाकटीचंही लक्ष होतं. ती दुसरीकडे बघायला लागली.

पारा उतरत उतरत आंघोळीच्या कढत पाण्याइतका आला आणि तिथेच रेंगाळला. भट्टीवाल्यांच्या जेवणाची वेळ झाली तेव्हा धाकटीने तळातून दुसरी वाटी काढली.

लॅबमध्ये तिने या जंतूसाठी एक जुनी, साधी युक्ती काढली. दोन नळ्यांत निर्जंतुक केलेलं ताजं दूध, तळाशी चिमूटभर लोखंडाची पूड, कारण लोखंड हवेतला प्राणवायू खाऊन टाकतं. एका नळीत पहिल्या वाटीतलं थोडं, दुसरीत दुसऱ्या वाटीतलं. तोंडं बंद करून नळ्या उबेत ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी थोरली लॅबमध्ये गेली. तिथे तिला हात न लावता बघायला सांगितलं होतं. पदर खोचून, हात मागे बांधून ती त्या दोन नळ्यांपुढे उभी राहिली. पहिल्या नळीत दूध होतं तसंच होतं. दुसऱ्या नळीत दुधाचा गोळा झाला होता, आणि तो गोळा चिंध्या होऊन पार बुचापर्यंत वर ढकलला गेला होता. खाली पिवळसर पाणी.

आयुष्यभर दही लावलेल्या बाईला काही समजावून सांगावं लागलं नाही. ती पुटपुटली, "हे लागलंय. पण फाटलंय. आत वारा धरलाय याने." मग तिने विचारलं, "ही रजईतली?"

"हो."

"दही लावताना मी भांडं असंच गुंडाळून ठेवते."

"हो, जाऊबाई. तुम्ही रस्सा झाकून ठेवत नव्हता. त्याला विरजण लावून ठेवत होता."

थोरली स्टुलावर बसली. "पण मी तर खळखळून उकळला होता गं."

"उकळीने जंतू मरतात, पण याची बी मरत नाही. टणक कवचात बसून राहते, पण इतकी तुरळक, की पहिल्या नळीत आलीच नाही. उलट उकळीने रश्श्यातली हवा निघून जाते, ती याला नकोच असते. मग तुमच्या पहिल्या खेपेच्या ताटात ती बी गेली तरी काही बिघडत नाही. पण भांडं कोमट झालं की बी फुटते, आणि तशा उबेत याची प्रजा बघता बघता दुप्पट, चौपट होत जाते. कोमट रश्श्यात याचं सगळं गोत जमतं."

"आणि पोटात गेल्यावर?"

"पोटातल्या आम्लात पुष्कळ मरतात. पण इतके गेल्यावर थोडे तरी पार होतातच. लहान आतड्यात पोचले की ते परत बी धरतात. बी तयार झाली की जुनं शरीर फुटतं आणि त्यातून विष सुटतं. ते आतड्याच्या आतल्या पेशींना भोकं पाडतं, मग अंगातलं पाणी आणि क्षार गळायला लागतात. दादांच्या अंगातलं पाणी तर भट्टीसमोर घामानेच गेलेलं. म्हणून ते पडले."

"भोकं पाडतं," थोरली म्हणाली. "मग ती भोकं?"

"आतडं फार कामसू असतं. खराब झालेल्या पेशी टाकतं, नव्या आणतं. म्हणून तर बाकीचे लगेच उठून बसले. दादाही उठतील."

थोरलीने पदराने चेहरा पुसला. "म्हणजे माझ्याच हाताने झालं."

"हात स्वच्छ होते तुमचे. ते मी लिहिणारच आहे."

"तू काय ते खरं लिही." थोरली एकदम उठली. "रजईचंही लिही. मला सांभाळून घेतलंस, तर आयुष्यात तुझ्याशी बोलणार नाही. तुला पुस्तकं घासायला बसवलं ते काय याच्यासाठी?"

धाकटीने लिहिलं. तिच्या सहीशेजारी मोठ्या डॉक्टरांनी सही केली.

लॅबमधून थोरली घरी आली नाही, जिना चढून सरळ वॉर्डात गेली. दादा उशीला टेकून बसले होते. तिला बघताच म्हणाले, "मावशी, मी सगळ्यांना ठणकावून सांगितलंय, रस्सा नाही, बाहेरचा चहा बाधला."

"दादा, रस्साच बाधला. माझाच. गरम राहावा म्हणून गुंडाळला आणि त्यात किडे पोसले."

दादांनी पाठीमागची उशी सरळ केली. "मग आता आम्हाला गार जेवण?"

"उकळता देईन. पण बटाट्याचा लगदा झाला तर मुकाट्याने गिळायचा."

"गिळू," दादा म्हणाले. "भट्टीवाल्यांना चव कुठे कळते?"

"ते काय मला आज कळतंय!"

व्यवस्थापकाचं प्रकरण एवढं सोपं नव्हतं. रिपोर्ट त्याच्या टेबलावर होता आणि ठेकेदार येऊन भेटून गेला होता. थोरलीने त्याला सांगितलं, की आता पूर्वीसारखी दोन लहान भांडी चढतील, दुसरं भांडं उशिराच शिजेल, आणि उरलंच काही तर ते उथळ थाळ्यांत पसरून लगेच गार होईल, वाढण्याआधी खळखळून उकळेल.

"तुम्ही म्हणाल हो," व्यवस्थापक म्हणाला. "उद्या पुन्हा कुणी आडवा झाला तर? हमी काय?"

"आजवर मी पहिल्या खेपेला जेवत होते," थोरली म्हणाली. "म्हणून माझं पोट शाबूत राहिलं. उद्यापासून मी भट्टीवाल्यांच्या बाकावर बसेन. त्यांच्याच भांड्यातलं जेवेन, सगळ्यांचं वाढून झाल्यावर, तळातलं."

व्यवस्थापकाने रिपोर्ट पुन्हा वाचला. मग म्हणाला, "हे रजईचं तुम्ही लपवलं असतं तर आम्हाला कधी कळलंही नसतं."

"मला तरी कुठे कळलं असतं?" थोरली म्हणाली. "घरात धाकटी आहे म्हणून कळलं."

कॅन्टीन उघडलं. थोरली अजून दुसऱ्या खेपेला, शेवटी जेवते. सुट्टीच्या दिवशी धाकटीही कधीकधी तिकडे जाते, आधी भांड्यात थर्मामीटर बुडवते, मग कोपरापर्यंत हात धुऊन भट्टीवाल्यांच्या बाकावर जावेशेजारी बसते. दादा तिला पाव पुढे करतात आणि विचारतात, "काय ताई, नाडी ठीक आहे का रश्श्याची?"

ती रजई थोरलीने पुन्हा पुन्हा धुतली, उन्हात वाळवली. डाग काही गेला नाही. आता थंडी पडली की ती धाकटीच्या अंगावर असते. थोरलीनेच दिली. दिली तेव्हा मी तिथेच होते. धाकटी दिवसभर लॅबमध्ये उभी राहून दमून आली होती आणि आरामखुर्चीतच तिचा डोळा लागत होता. थोरलीने रजई तिच्या अंगावर टाकली, चारी बाजूंनी खोचली, वर हलकेच थोपटलं आणि म्हणाली, "घे. तू कितीही वेळ कोमट राहिलीस तरी चालेल."